टूर पॅकेजमधले पैसे नक्की जातात कुठे? (उज्जैन–ओंकारेश्वर–महेश्वर–मांडू)

टिळकनगरकर (मूळ पोस्ट)
पुण्याहून येणाऱ्या सोळा जणांच्या ग्रुपला इंदूरच्या एका टूरवाल्याने दिलेलं कोटेशन पाहिलं. उज्जैन दोन रात्री, ओंकारेश्वर एक, महेश्वर एक, पाचव्या दिवशी मांडू करून इंदूरला ड्रॉप. माणशी 14,500. त्याच दर्जाची खोली ॲपवर नाश्त्यासकट 3,200 ला दिसते, कर वेगळा. गाडी, रात्रीची जेवणं, गाइड, सगळं धरूनही माणशी 11,000 च्या वर जात नाही. म्हणजे चार फोन फिरवायचे माणशी साडेतीन हजार! ही निव्वळ दलाली आहे. लोकांनी आपलं बुकिंग आपणच करावं.

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
"चार फोन" वाचून गप्प बसवत नाही. तुमचेच आकडे घेऊन हिशेब मांडतो.

आठ खोल्या, चार रात्री, 3,200 प्रमाणे 1,02,400. त्यावर 5 टक्के जीएसटी धरून 1,07,520, म्हणजे माणशी 6,720. सतरा सीटर ट्रॅव्हलर 28 रुपये किलोमीटरने, रोजचे किमान 250 किलोमीटर, पाच दिवसांचे 35,000. ड्रायव्हरचा भत्ता 2,500, टोल-पार्किंग 3,000. माणशी 2,531. चार जेवणं 1,400, दोन ठिकाणचे गाइड मिळून 190. बेरीज 10,841. इथपर्यंत तुमचं बरोबर.

आता पुढचं. 14,500 मध्ये टूर पॅकेजवरचा 5 टक्के जीएसटी आहे, तो 690. या 5 टक्क्यांच्या दरात हॉटेलला भरलेल्या कराचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही, तो आमच्याच अंगावर पडतो. राहिले 2,970. ग्रुप पुण्याच्या एजंटने पाठवला असेल तर त्याचे 10 टक्के, म्हणजे 1,380. उरले माणशी 1,590, सोळा जणांचे साधारण 25,400. यातून टूर मॅनेजरचे पाच दिवसांचे 7,500 आणि त्याच्या खोलीचे 6,000 गेले की बाराएक हजार राहतात. त्यात ऑफिसचं भाडं, फोन, पगार आणि सगळी जोखीम.

जोखीम म्हणजे काय तेही ऐका. उज्जैनला श्रावणात, महाशिवरात्रीला किंवा रविवार-सोमवार जोडून आठ खोल्या एकाच हॉटेलात धरायच्या तर आधी पैसे भरून ब्लॉक घ्यावा लागतो. त्याला रिलीज डेट, म्हणजे खोल्या परत करायची शेवटची तारीख असते. ती उलटली की खोली रिकामी राहिली तरी पैसे बुडाले. पाच दिवस आधी एका जोडप्याने रद्द केलं तर त्यांची खोली आमच्या गळ्यात आणि गाडीचे 40,500 चौदा जणांत वाटले की 2,531 चे 2,893 होतात. उरलेल्यांकडून हा फरक कोणी मागत नाही. तो बारा हजारांतूनच जातो.

टिळकनगरकर
गाडीचा हिशेब तुम्हीच मांडलात ते बरं झालं. इंदूर-उज्जैन 55, उज्जैनमध्ये फार तर 30, उज्जैन-ओंकारेश्वर 140, ओंकारेश्वर-महेश्वर 65, महेश्वर-मांडू 40, मांडू-इंदूर 95. सगळे मिळून 425 किलोमीटर. तुम्ही पैसे घेता 1,250 किलोमीटरचे! तिप्पट लावता आणि वर जोखमीचं बोलता?

छावणी_टॅक्सी
साहेब, गाडी पाच दिवस अडकते. बँकेचा हप्ता, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार हे चाक फिरलं नाही म्हणून थांबत नाहीत. गाडी उज्जैनला पार्किंगमध्ये उभी असली तरी त्या दिवशी दुसरं भाडं मारता येत नाही, म्हणून बाहेरगावच्या भाड्याला रोजचं किमान रनिंग असतं. ते गॅरेज ते गॅरेज मोजतात. गाडी आमच्या दारातून निघाली की मीटर चालू.

पण या रूटवर पाचही दिवस 250 चा दर लावणं मलाही पटत नाही. उज्जैनच्या मधल्या दिवसाला 8 तास-80 किलोमीटरचा लोकल दर मागता येतो. त्याहून चांगलं म्हणजे गाडी पहिल्या दिवशी उज्जैनला सोडून द्यायची आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत बोलवायची. महाकालच्या आसपास मोठी गाडी तशीही जात नाही, 2022 मध्ये महाकाल लोक हा मंदिराचा नवा परिसर झाल्यापासून गर्दी इतकी वाढली आहे की पार्किंगपासून ई-रिक्षाच करावी लागते. मग बसून राहिलेल्या ट्रॅव्हलरचे पैसे का भरायचे? रिकाम्या फेऱ्यांचे पैसे द्यावे लागतात, तरी दोन दिवसांच्या किमान रनिंगपेक्षा ते कमीच होतात.

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
सोडलेली गाडी तिसऱ्या दिवशी तीच येईल याची हमी सीझनमध्ये कोण देणार? पण ठीक आहे, सोमवार किंवा सण नसेल तर हे जमू शकतं. एवढं मान्य.

लोकमान्यनगर
चार रात्री आणि इंदूरला एकही नाही? राजवाडा, लालबाग सगळं गाडीच्या काचेतून! सराफ्याचा खाऊबाजार रात्री सोन्याची दुकानं बंद झाल्यावर लागतो, म्हणून तो बघायला मुक्कामच हवा. प्रत्येक कोटेशनमध्ये इंदूर म्हणजे विमानतळ. यावर कधीतरी बोला.

रामबाग_ताई
ते बोलूच, पण आधी महेश्वरचं बोला. कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नसतं त्यात खरी मेख आहे. महेश्वरला घाट, किल्ला, अहिल्याबाईंची राजगादी या सगळ्याला मिळून एक तास आणि ठरलेल्या साडीच्या दुकानात दीड तास. गाडी थेट त्याच दारात थांबते. 4,000 च्या साडीवर दुकानदाराने 15 टक्के दिले तर 600 ड्रायव्हर, गाइड आणि तुमच्या मॅनेजरमध्ये वाटले जातात. दुकानदार ते खिशातून घालत नाही, लेबलच 4,600 चं लावतो. त्यातला एक रुपया विणकराला जात नाही. रेशमी ताणा, सुती बाणा घालून एक साडी विणायला त्याचे कित्येक दिवस जातात आणि दारात उभं राहणाऱ्याला दहा मिनिटांत 600! 1979 साली रेहवा सोसायटी उभी राहिली ती विणकरांच्या हाताला काम मिळावं म्हणून. त्याच गावात आज पर्यटकाला हातमाग कुठे आणि पॉवरलूम कुठे हे सांगायलाही कोणी तयार नसतं, कारण कमिशन दोन्हीकडे मिळतं.

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
ताई, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. ऑफिसला त्यातला छदामही येत नाही. ड्रायव्हर कुठे थांबतो यावर आम्ही इंदुरात बसून काय करणार?

रामबाग_ताई
काय करणार म्हणजे? कार्यक्रम तुम्ही छापता. "महेश्वर स्थलदर्शन व खरेदी" असं एका ओळीत तुम्हीच लिहिता. घाटाला तीन तास असं वेळेसकट लिहून द्या, कोणत्याही ड्रायव्हरची हिंमत होणार नाही. हात झटकणं बंद करा.

सुदामानगर_भिया
ड्रायव्हरवर तुटून पडण्याआधी त्याचे पाच दिवस बघा. वरच्या हिशेबात भत्ता 2,500 आहे, म्हणजे रोजचे 500. त्यात दोन वेळचं जेवण, चहा आणि झोपायची सोय. बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरला खोली नसते, तो सीटवरच आडवा होतो.

आता या टूरचा तिसरा दिवस बघा. महाकालची भस्म आरती पहाटे 4 ची. लोक रात्री दोनच्या आसपास रांगेत हवेत, म्हणजे ड्रायव्हर एकला उठलेला. आरती संपवून, नाश्ता करून ग्रुप दहाला निघतो आणि तोच माणूस ओंकारेश्वरपर्यंत 140 किलोमीटर चालवतो, मध्ये घाट. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट 1961 चा होता, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यातही दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास लिहिलेले होते. टूरवाला ते पाळतो का? आणि कोटेशन कमी दिसावं म्हणून सगळ्यात आधी कात्री लागते ती भत्त्यालाच. मग तो साडीच्या दुकानात थांबणार नाही तर काय करणार? तुमचे वाचलेले पैसे त्या 600 मधून परत जातात.

रामबाग_ताई
गरीब ड्रायव्हर पुढे केला की कमिशन पवित्र होत नाही. सगळ्यात मोठा वाटा त्याला मिळतो का, हे आधी सांगा.

सुदामानगर_भिया
नाही मिळत. गाइड आणि मॅनेजर बरोबर असले की त्याच्या हाती चहापाण्याइतकंच येतं. म्हणून तर म्हणतो, भत्ता 500 ऐवजी 1,200 करा आणि खोली द्या. पाच दिवसांचे 3,500 वाढतील, सोळा जणांत माणशी 219. खोलीचे रोज 800 धरले तर चार रात्रींचे आणखी 200. एवढ्यात दुकानाचा थांबा बंद करायची अट घालता येते.

टिळकनगरकर
माणशी 419 जास्त आणि दुकानाच्या दारात दीड तास नाही, हे मी आनंदाने देईन. पण कोटेशनमध्ये ते दिसलं पाहिजे ना! "सर्व समाविष्ट" लिहिलं की त्यात काय आहे ते कोणालाच कळत नाही. ओंकारेश्वरला नौका समाविष्ट म्हणजे शेअर नाव की ग्रुपची वेगळी? पाण्याची पातळी वाढल्यामुळे नावा बंद असल्या तर पैसे परत का? मांडूला जहाज महालाचं आणि रूपमती मंडपाचं तिकीट वेगवेगळं लागतं, ते कोणाचं?

छावणी_टॅक्सी
आणि भस्म आरती समाविष्ट असं कोणी लिहिलं तर तिथेच थांबा. परवानगी मंदिराच्या कोट्यातून नावावर मिळते, दारावर ओळखपत्र बघतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. टूरवाला फक्त अर्ज भरून देऊ शकतो. हमीचे जादा पैसे मागणारा खोटं बोलतो आहे.

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
यावर दुमत नाही. पण टिळकनगरकर, तुमच्या ॲपवरच्या 3,200 बद्दलही बोला. ॲप हॉटेलकडून कमिशन घेतं, ते त्या दरातच धरलेलं असतं. वर हॉटेलने स्वतःच्या काउंटरवर त्याहून स्वस्त खोली द्यायची नाही, अशी अट होती. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223 कोटींचा आणि ओयोला 168 कोटींचा दंड केला, त्यात ही दराची अटही होती. दलाली तिथेही आहे, फक्त फोन उचलणारा माणूस नाही. रात्री अकराला हॉटेलने "ओव्हरबुकिंग झालं" म्हणून हात वर केले तर सोळा माणसं, त्यात आजी-आजोबा, कोणाला फोन लावणार?

टिळकनगरकर
सोळा जणांना माणूस लागतो, हे मी खोडत नाही. चार जणांच्या कुटुंबाला लागत नाही. त्यांना थेट हॉटेलला फोन करून ॲपचा दर सांगायचा आणि त्यापेक्षा कमी मागायचा, एवढं पुरतं. तुमचं 10 टक्के पुण्याच्या एजंटला जाणारं कमिशन मात्र मला अजून पटलेलं नाही. त्याने नक्की काय केलं?

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
सोळा जण गोळा केले, त्यांच्याकडून हप्त्याहप्त्याने पैसे वसूल केले, रूमिंग लिस्ट, म्हणजे कोण कोणाबरोबर कुठल्या खोलीत याची यादी दिली, कोणाला खालचा मजला, कोणाला जैन जेवण हे लिहून पाठवलं. ते आम्ही इथून करायचं ठरवलं तर माणूस ठेवावा लागेल, आणि तो त्याहून महाग पडेल.

रामबाग_ताई
मग तेही कोटेशनमध्ये लिहा. गाडी किती, खोल्या किती, ड्रायव्हरला किती, एजंटला किती, तुम्हाला किती. आणि महेश्वरला घाटावर तीन तास, दुकानात ज्याला जायचं तो पायी जाईल, बाजार घाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

राजेंद्रनगर_ट्रॅव्हल्स
पाच ओळींचा तुकडा देऊ शकतो. स्वतःचा नफा आकड्यात लिहायचा नाही, ते कोणताच धंदा करत नाही. ड्रायव्हरची खोली, भत्ता आणि महेश्वरच्या वेळा वेगळ्या ओळीत टाकतो.

सुदामानगर_भिया
आणि भस्म आरतीच्या दिवशी उज्जैनमध्येच मुक्काम ठेवा. आरती दुसऱ्या दिवशी पहाटे, दिवसभर मंगलनाथ, सांदीपनी, काळभैरव ई-रिक्षाने, ड्रायव्हर दिवसभर झोपलेला. ओंकारेश्वरला तिसऱ्या दिवशी सकाळी निघा. एक रुपया जास्त लागत नाही, फक्त अर्ज भरताना तारीख एक दिवस अलीकडची टाकायची.

लोकमान्यनगर
इंदूरच्या मुक्कामाचं तसंच राहिलं.