सांगलीत आई-बाबांना चार दिवस कुठं फिरवू? (मॉल सोडून सुचवा)

बदलीवर येऊन तीन महिने झाले. पुढच्या आठवड्यात नागपूरहून आई-बाबा येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, आईला नाटकाचं वेड, आणि मुलगा बारा वर्षांचा. त्याला फक्त सिनेमा. मागच्या रविवारी एका थिएटरात गेलो तर एसी बंद. मध्यंतरापर्यंत तिकिटानं वारा घेतला. आता तुम्हीच सांगा.

काठावरचा: सिनेमा काय, नागपुरातबी दिसतोय. नाट्यपंढरीत आलाय तर आईंना भावे नाट्यमंदिरात न्या की ओ! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथंच, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. नाटक मात्र रोज नसतं. पेपरातली जाहिरात बघा, नाहीतर जाता-येता नाट्यमंदिराच्या फाटकावरचा बोर्ड वाचा. आम्ही अजून तसंच करतो.

पेवातली हळद: त्या आठवड्यात प्रयोग नसला तर हरिपूर. 'शारदा' नाटक लिहिणाऱ्या देवलांचं गाव. रस्ता सरळ, दुतर्फा झाडी. रिक्षा थेट संगमेश्वराच्या देवळापाशी जाते, पण घाटाच्या पायऱ्या बाबांना उतरवू नका, वरूनच कृष्णा-वारणेचा संगम बघू द्या. जाताना मुलाला हळदीच्या पेवांबद्दल सांगा. जमिनीत खोल खणलेली, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोत्यांनी हळद. 2005 च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली.

काठावरचा: आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर संध्याकाळी. पाण्याची पातळी फुटांत तिथंच मोजतात. 45 ला धोका, 2019 ला 57 च्या वर गेलं होतं. आम्ही सांगलीकर पावसाळ्यात हवापाण्याच्या गप्पा मारत नाही, "किती फूट झालं?" एवढंच विचारतो.

मिरजकर (हो, वेगळं गाव): सगळे सांगलीवरच अडकलेत. मिरजेत सतारमेकर गल्लीत न्या आईंना. दुकानाच्या पायरीवर बसलं तरी दोन तास जातात. वाद्यांसाठी पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले असतात, आत कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत एक हात फिरवतो. जवारी लावणं म्हणतात त्याला. घोडीच्या माथ्याला किती उतार द्यायचा ते मोजपट्टीनं ठरत नाही, कानानंच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण काम आजोबांच्या वेळचंच. फक्त फोटो काढायच्या आधी विचारा, आणि तार मुलाला ओढू देऊ नका. उरुसाच्या दिवसांत आला असता तर इथल्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत रात्रभर गाणं ऐकायला मिळालं असतं.

पेवातली हळद: मिरजकर म्हणजे गाण्यावरच थांबणार. भावा, त्या पोराला भडंग तरी खायला घाल. लसूण जास्त, शेंगदाणे मोजू नको. आणि एक दिवस त्याला सिनेमाला सोड, बिचारा देऊळ, पूल, तंबोरा बघून वैतागेल. दुपारचा खेळ घे, एसी चालू आहे का ते तिकिटाआधी विचार.

मूळ प्रश्नकर्ती: सगळ्यांचे आभार. (भावा नव्हे, ताई म्हणा!) आईला आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. नाटक राहिलं बाजूला. तिचा वीस वर्षं कपाटावर पडलेला तंबोरा आहे, तो घेऊनच येते म्हणतेय. महाराष्ट्र एक्सप्रेसनं मिरजेतच उतरणार आहेत. नवी जवारी तेवढ्या दिवसांत होईल का?

मिरजकर: वाद्य बघितल्याशिवाय कोण सांगणार नाही, ताई. आल्या दिवशीच गल्लीत टाका. आणि आईंना सांगा, निघायच्या आधी तारा सैल करा, भोपळा गोधडीत गुंडाळा, आणि बर्थखाली ढकलू नका. मांडीवर ठेवला तरी चालेल.

पेवातली हळद: चुकलं ताई! भडंग माझ्याकडून.