मदत हवी आहे: बंदीच्या दिवसांत घरच्यांसोबत बघायला, माणसं खरोखर काम करताना दिसतील असे चित्रपट सुचवा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या मुखाशी. घरचा धंदा मासेमारीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्यामुळे सध्या होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवल्यात आणि पुरुषमाणसं घरात आहेत. दिवसभर पडवीत जाळी दुरुस्त करायचं चालतं. रात्री जेवणं आटोपली की सगळे टीव्हीसमोर येऊन बसतात आणि माझ्याकडे बघतात, कारण चित्रपट निवडायचं काम माझ्याकडे आहे. माझी यादी संपत आली, म्हणून हा धागा काढतेय.

बघणारे कोण ते आधी सांगते. सासरे, म्हणजे आमचे बाबा, जन्मभर तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख होते, त्याआधी रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. आई मासळी बाजारात बसायच्या. नवरा, धाकटे भावजी, जाऊबाई, दोन शाळकरी मुलं आणि शेजारचे एक काका, ज्यांच्याशिवाय आमच्याकडे चित्रपट सुरूच होत नाही. मराठी आणि हिंदी सगळ्यांना चालतं. बाकी भाषांतलं असेल तर खालच्या इंग्रजी ओळी मी वाचते आणि मालवणीत मोठ्याने सांगत जाते. त्यामुळे फार भराभर बोलणारी माणसं असली की माझी दमछाक होते.

एवढ्या रात्री सगळ्यांबरोबर बसून माझ्या एक लक्षात आलंय. आमच्याकडे चित्रपट आवडणं न आवडणं कथेवर ठरत नाही, नटावरही नाही. पडद्यावरचा माणूस त्याचं काम नीट करताना दिसला की सगळे सावरून बसतात. मग तो होडी वल्हवत असो, दूध मोजत असो की तिकीट फाडत असो. एका चित्रपटात नायक मच्छीमार होता, किनाऱ्यावरून फिरत होता, गाणं म्हणत होता. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्येच्या हातांका घट्टे खय आसत?" संपलं. काका उठून घरी गेले. मलाही तेव्हापासून तसंच बघायची सवय लागली आहे आणि खरं सांगायचं तर मला ती कसोटी पटते. कोकणातले म्हणून जे चित्रपट येतात त्यांत समुद्र बहुतेक वेळा मागे असतो, सुंदर दिसतो, आणि त्याच्यावर कुणाचं पोट आहे असं जाणवत नाही. आमचं निम्मं आयुष्य त्या पाण्यावर जातं. ते कुणी मन लावून दाखवलं तर किती बरं वाटेल, हे सांगून कळणार नाही.

अलीकडे काय काय बघितलं आणि कसं वाटलं ते लिहिते, म्हणजे आमची आवड कळेल.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते 'चेम्मीन'वर. १९६५ चा मल्याळम चित्रपट, रामू करियात यांचा, तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून केलेला. इतका जुना, त्यात परकी भाषा, म्हणून मी भीतभीतच लावला होता. पण पहिल्या होड्या पाण्यात ढकलल्या तशी बाबांनी हातातली जाळं विणायची सुई खाली ठेवली. "ह्यो आपलोच दर्यो मा!" कथा थोडक्यात अशी, की चेंबनकुंजू नावाच्या मच्छीमाराला स्वतःची होडी आणि जाळं हवंय. त्याची मुलगी करुत्तम्मा आणि मासळीचा व्यापारी परीकुट्टी यांचं एकमेकांवर प्रेम आहे. बाप त्याच व्यापाऱ्याकडून पैसे घेतो, होडी घेतो, मग त्याला धड परतफेड करत नाही, आणि मुलीचं लग्न पळनी नावाच्या दुसऱ्याच मच्छीमाराशी लावून देतो. प्रेमकथा म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण आमच्या घरात तो होडीच्या कर्जाचा चित्रपट झाला. चेंबनकुंजूला होडी मिळते आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत जातो, ते नवऱ्याने आणि भावजींनी जसं बघितलं तसं मी त्यांना काही बघताना पाहिलेलं नाही. आगाऊ पैसे घेऊन होडी उतरवली की मासळीचा भाव आपल्या हातात राहत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आईंचं मात्र वेगळं झालं. त्या चित्रपटात अशी समजूत आहे की नवरा समुद्रात असताना बायको चुकली तर दर्या त्याला गिळतो. ते मी मालवणीत सांगितलं तशा आई रागावल्या. "माणूस परत येता तो त्याच्या हुशारीन नि वाऱ्याच्या मर्जीन. बायलेच्या डोक्यार तो भार कित्याक?" जन्मभर किनाऱ्यावर थांबून होडीची वाट बघितलेल्या बाईचं हे म्हणणं आहे, आणि माझ्या मते या चित्रपटावरची यापेक्षा नेमकी टीका शोधून सापडणार नाही. शेवटी पळनी रात्री एकटाच छोट्या होडीतून जातो आणि त्याच्या गळाला मोठा शार्क लागतो. तिथे बाबा हळूच म्हणाले, "येकटो गेलो, थयच चुकलो." बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं म्हणून तो एकटा गेला होता, हे मी सांगितलं. मग त्यावरही बराच वेळ बोलणं झालं.

'मंथन' (१९७६) दुसऱ्यांदा लावावा लागला, कारण भावजी पहिल्या वेळी घरी नव्हते. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला चित्रपट आहे हे मुलांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. दुधाची तपासणी, भाव पाडणारा डेअरीमालक, सोसायटीची निवडणूक. आमच्याकडच्या मच्छीमार सोसायटीचे सगळे जुने वाद त्या रात्री पडवीत पुन्हा निघाले. स्मिता पाटील आईंना फार आवडली.

'एक कप च्या' हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. कोकणातला एसटी कंडक्टर, घरात अचानक आलेलं अवाढव्य वीजबिल, आणि त्याचा जाब विचारायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज. किशोर कदम यांनी तो कंडक्टर असा केलाय की आमच्या काकांना त्यांच्या ओळखीच्या कंडक्टरची आठवण झाली. घरातली सगळी माणसं बसून तो अर्ज समजून घेतात, आणि चित्रपट त्याला हवा तेवढा वेळ देतो. असे चित्रपट अजून सुचवलेत तर फार उपकार होतील.

'दशावतार' गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, थिएटरात जाऊन बघितला, गाडी करून सगळे गेलो होतो. त्यातला बाबुली मेस्त्री तोंडाला रंग लावायला बसतो तेव्हा आमच्या रांगेत कुणी हललं नाही. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी ज्या निष्ठेने ते काम केलंय त्याला तोड नाही. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' हे दशावतारी नटाचं आयुष्य आम्ही लहानपणापासून जत्रांत बघत आलोय, ते मोठ्या पडद्यावर बघून ऊर भरून आला. उत्तरार्धात कथा सूडाकडे वळते आणि तिथे तो कलावंत मला थोडा हातचा सुटल्यासारखा वाटला. नवऱ्याला मात्र उत्तरार्धच जास्त आवडला.

'किल्ला' मुलांना आवडला. सायकलची शर्यत आणि पावसात किल्ल्यावर एकटा पडलेला तो पोर, दोन्ही प्रसंग त्यांनी पुन्हा लावायला लावले. अविनाश अरुण यांनी छायाचित्रणही स्वतःच केलंय, आणि आमच्याकडचा पाऊस असाच असतो.

तर मंडळी, मला हवंय ते असं. धंदा कुठलाही चालेल, देश कुठलाही चालेल, पण काम जवळून आणि खरं दाखवलेलं हवं. समुद्र, नदी, खाडी असली तर उत्तमच. मारामारी कमी असावी. मुलं सोबत असतात, तेव्हा काही अवघड प्रसंग असतील तर आधी सांगून ठेवा. दोन तासांच्या आतला असेल तर बरं, कारण पावसात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो. माहितीपटही चालतील. आणि मराठीत मच्छीमारांवर कुणी मनापासून काही केलं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. 'अगेन्स्ट द टाइड' हा सर्वनिक कौर यांचा माहितीपट बघाच. मुंबईचे दोन कोळी मित्र आहेत. एक वडिलांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करतो, दुसरा कर्ज काढून मोठ्या बोटीने खोल समुद्रात जातो आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे, म्हणजे प्रखर उजेडाने मासे गोळा करून पकडण्याकडे, ओढला जातो. त्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी त्यावरून आपल्या किनाऱ्यावर काय काय चालतं ते तुम्हाला माहीत आहेच. २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला विशेष ज्युरी पारितोषिक मिळालं. कुणीही खलनायक नाही, दोघांचंही पटतं, आणि म्हणूनच बघताना जीव खालीवर होतो. बोली त्यांची असल्यामुळे तुम्हाला फारसं सांगत बसावं लागणार नाही.

दुसरा 'ला तेर्रा त्रेमा', १९४८ चा, लुकिनो विस्कोंती यांचा. सिसिलीतलं मच्छीमारांचं गाव, आणि त्यात काम केलंय ते त्याच गावच्या लोकांनी, त्यांच्याच बोलीत. व्यापारी भाव पाडतात म्हणून एक कुटुंब घर गहाण टाकून स्वतःची होडी घेतं. भरपूर मासळी मिळते, घरी पिंपं भरभरून खारवतात, आणि मग वादळ येतं. 'चेम्मीन'वर तुमच्याकडे जे बोलणं झालं ते वाचून हाच आठवला. लांबी मात्र अडीच तासांच्या वर आहे, तेव्हा दोन रात्रींत बघा.

प्रतिसाद

'कोडा' (२०२१) सुचवते. अमेरिकेतलं मच्छीमार कुटुंब, आई, वडील, भाऊ तिघेही कर्णबधिर, एकटी मुलगी ऐकू येणारी. घरच्यांच्या वतीने बोलायचं काम तिच्यावरच असतं, तुमचा धागा वाचताना तीच डोळ्यांसमोर आली. धक्क्यावर मासळीचा भाव ठरवताना होणारी फसवणूक आणि नंतर त्यांनी स्वतः विक्री सुरू करणं, हे तुमच्या आईंना नक्की भिडेल. बरंचसं संभाषण हातवाऱ्यांनी चालतं, त्यामुळे सांगायला सवड मिळते. आईवडिलांचा एक शय्येतला प्रसंग आणि काही चावट विनोद आहेत, मुलं झोपल्यावर लावा.

मुलांसोबत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' बघितला नसेल तर उद्याच बघा. फाळके घरातल्या वस्तू विकून चित्रपट बनवायला शिकतात, आणि सरस्वतीबाई घर सांभाळून त्या कामात हात लावतात. काम शिकण्याचा आनंद मराठीत इतक्या उत्साहाने फार थोड्या चित्रपटांत आलाय.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार! 'फॅक्टरी' मुलांनी बघितलेला नाही, तो आज रात्रीच लावते. एलईडीवरचा माहितीपट आहे हे नवऱ्याला सांगितलं, तर त्याने लगेच वाडीतल्या आणखी दोघांना निरोप धाडला. या विषयावर आमच्याकडे दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेली घरं आहेत, त्यामुळे कुणीही खलनायक नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं वाटलं.

सिसिलीचा चित्रपट दोन रात्रींत बघू. खारवायच्या प्रसंगाला आईंना समोर बसवीन, त्यांनी पिंपं भरभरून बांगडे खारवलेत. त्या काय म्हणतात ते इथे लिहीन.

आता एकच विचारते. नदीवरच्या मच्छीमारांवर बंगालीत चांगले चित्रपट आहेत असं ऐकलंय. ऋत्विक घटक यांचा 'तिताश एकटि नदीर नाम' (१९७३) कुणी घरच्यांसोबत बसून बघितलाय का? वयस्कर माणसांना तो फार जड जाईल का? आणि त्यातलं बोलणं किती भराभर आहे तेही सांगा, म्हणजे मला आधी एकदा एकटीने बघून तयारी करता येईल.