‘भांग’ की ‘लहान भरती’?

सदाशिव पेठ: पनवेल खाडीतल्या जुन्या गलबत-व्यापारावरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘नीप टाइड’साठी शाळेच्या भूगोलात ‘भांगाची भरती’ होती. पण पुण्यातल्या वाचकाला भांग म्हटले की केसांचा, नाहीतर महाशिवरात्रीची आठवते. ‘लहान भरती’ लिहिले तर चालेल का? शिवाय या भांगाचे लिंग कोणते?

कोथरूड: ‘भांग’च ठेवा. लिंगाचे उत्तर तुम्ही लिहिलेल्या शब्दातच आहे. प्यायची भांग स्त्रीलिंगी, म्हणून ‘भांगेची गोळी’. भरतीचा भांग केसांतल्यासारखाच पुल्लिंगी, म्हणून ‘भांगाची भरती’. विभक्ती लागली की गोंधळ उरत नाही.

‘लहान भरती’ने अर्थ अर्धाच पोचतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते ते उधाण, अष्टमीच्या सुमारास येतो तो भांग. भांगात पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. भरती आणि ओहोटी दोन्ही आखडतात. मुंबई बंदराचे सरासरी आकडे पाहा. नौकानयनाच्या नकाशातल्या शून्य पातळीपासून मोजले तर उधाणाची भरती ४.४२ मीटर आणि ओहोटी ०.७६ मीटर. भांगाची भरती ३.३० आणि ओहोटी १.८६. म्हणजे उधाणात पाणी ३.६६ मीटर वरखाली होते, भांगात जेमतेम १.४४.

आता हे खाडीत लावून बघा. एखाद्या ठिकाणी तळ त्या शून्य पातळीच्या दीड मीटर वर आहे असे धरू. उधाणाच्या भरतीला तिथे सुमारे २.९ मीटर पाणी मिळेल, भांगाच्या भरतीला १.८. भरलेल्या गलबताला दोन मीटर पाणी लागत असेल तर ते उधाणात आत येईल आणि भांगात खाडीच्या तोंडाशी थांबेल. यातला मोठा धोका उतरत्या उधाणाचा. ऐन उधाणाच्या भरतीला गलबत चिखलात रुतले, तर पुढची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमीच चढते. मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडाभर, वाट पाहायची किंवा माल छोट्या पडावांत उतरवून गलबत हलके करायचे. तळ उंचसखल असला तर ओहोटीला सगळे वजन एकाच जागी येते, फळ्यांच्या सांधी उघडतात आणि गलबत पाणी घेऊ लागते. म्हणून भरलेले गलबत चढत्या उधाणात आत घालायचे: अडकले तरी उद्याची भरती त्याला उचलते.

औंध: वेळेचे गणितही द्या, मजकुरात तारखांऐवजी तिथी असतील तर उपयोगी पडेल. तिथीला तीनाने गुणून चाराने भागायचे, की बारा वाजल्यानंतर किती तासांनी पूर्ण भरती ते कळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांना हाच हिशोब, आणि दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. हे मुंबईच्या किनाऱ्यापुरते आणि अदमासे. खाडीत जितके आत जाल तितका उशीर. आणखी एक. सर्वांत मोठे उधाण ऐन अमावास्या-पौर्णिमेला नसते, एकदोन दिवस मागून येते. भांगही तसाच अष्टमीनंतर. ‘अष्टमीला भांग’ हे ढोबळ झाले.

‘उधाण’ जपून वापरा ही विनंती. बातम्यांत वादळालाही ‘समुद्राला उधाण’ म्हणतात. वारा पडलेला असला तरी अमावास्येला उधाण येतेच.

कोथरूड: पुण्याशी संबंध हवा असेल तर बोरघाट घ्या. गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये झाला. पुण्याकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून पनवेलला जाई आणि तिथून गलबतांनी मुंबईला. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, १८६३ मध्ये घाटातला मार्ग पुरा झाला आणि माल आगगाडीने थेट मुंबईला जाऊ लागला. पनवेलचे महत्त्व गेले ते एवढ्या एका घाटमार्गाने, असे माझे मत. गाळाचा त्रास त्याआधीही होता. भांगात प्रवाह मंद असतो, तेव्हा गाळ तळाशी बसतो; उधाणाचा जोर त्यातला काही पुन्हा उचलतो.

एरंडवणे: मजकुरात मुंबईच्या गोद्या येत असतील तर ‘गोदी’ आणि ‘बंदर’ एकच समजू नका. बंदर म्हणजे जहाजे थांबतात ती सगळी जागा. गोदी म्हणजे भिंतींनी बांधलेले पाणी किंवा, सुकी गोदी असेल तर, दुरुस्तीसाठी पाणी काढून टाकलेला हौद. प्रिन्सेस (१८८०) आणि व्हिक्टोरिया (१८८८) गोद्यांची दारे भरतीच्या सुमारासच उघडत, म्हणून तिथेही भांग-उधाणाचा हिशोब आलाच. १९१४ च्या अलेक्झांड्रा गोदीला, आजच्या इंदिरा गोदीला, प्रवेशाशी २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद जलपाश आहे. जहाज दोन दारांमध्ये घेऊन पाण्याची पातळी जुळवतात, त्यामुळे भरतीवरचे अवलंबन बरेच कमी झाले.

सदाशिव पेठ: मग वाक्य असे करतो: ‘भांगाच्या दिवसांत भरलेली गलबते पनवेलपर्यंत पोचत नसत, उधाणाची वाट पाहत खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून राहत.’

कोथरूड: उत्तम. ‘भांगाच्या दिवसांत’ला पहिल्या वेळी तळटीप द्या, पुढे नको.