क्रेडिट कार्डाचा अर्ज: नाव ‘जुळत नाही’, उत्पन्न ‘पडताळता येत नाही’. नेमकं अडतं कुठे?

टाचणवही (प्रश्न)

क्रेडिट कार्डाचा ऑनलाइन अर्ज दोन बँकांकडे अडला आहे. एकीकडे ‘नाव जुळत नाही’ म्हणून, दुसरीकडे ‘उत्पन्न पडताळता आलं नाही’ म्हणून. फोन केला तर दोन्हीकडे एकच उत्तर मिळतं, ‘अंतर्गत धोरण’. माहिती अशी:

पॅनकार्डावर पहिलं नाव, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि आडनाव छापलं आहे. आधारवर तिन्ही नावं पूर्ण आहेत. पहिलं नाव ज्ञानेश्वर. पॅनवर त्याचं स्पेलिंग ‘डी-एन’ने सुरू होतं, आधारवर ‘जी-वाय’ने. जन्मतारीख दोन्हीकडे एकच. पॅन-आधार जोडणी झालेली आहे.

व्यवसाय आर्किटेक्टचा, स्वतंत्र. वर्षाची जमा १४ लाख. विवरणपत्र आयटीआर-४, ‘४४ एडीए’ पद्धतीने (व्यावसायिकांसाठी जमेवरून अंदाजाने उत्पन्न धरायची आयकराची सोय), म्हणजे उत्पन्न ७ लाख दाखवलेलं. अर्जात वार्षिक उत्पन्न १४ लाख भरलं होतं.

व्हिडिओ केवायसीचा (व्हिडिओवरून ओळख पडताळण्याचा) कॉलही पॅनकार्डाचा फोटो घेताना दोनदा तुटला.

आधी कुठला कागद दुरुस्त करायचा? उत्पन्नाच्या रकान्यात कुठला आकडा लिहायचा? आणि तिसऱ्या बँकेत आताच अर्ज केला तर चालेल का?

---

मोडीवाचक

नावापुरतं सांगतो. उत्पन्नाचं इथले जाणकार सांगतीलच.

पॅनवर नाव दोन ठिकाणी असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पॅनच्या अर्जात आडनाव, पहिलं नाव आणि मधलं नाव यांचे वेगळे रकाने असतात आणि त्याखाली ‘कार्डावर छापायचं नाव’ असा आणखी एक. आद्याक्षर बहुतेक वेळा या खालच्या रकान्यात लिहिलेलं असतं. आयकर खात्याच्या नोंदीत मात्र तिन्ही नावं पूर्ण असू शकतात. बँकेची यंत्रणा पॅन क्रमांक, नाव आणि जन्मतारीख खात्याच्या नोंदीशी पडताळते आणि तिला ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच उत्तर येतं. तुम्ही कार्डावर पाहून आद्याक्षरासह नाव भरलंत आणि नोंदीत पूर्ण नाव असलं, तर कागद खरे असूनही अर्ज तिथेच थांबतो.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही, पाहण्याचं. विवरणपत्राच्या पोचपावतीवर किंवा फॉर्म २६ एएसवर (कापलेल्या कराच्या उताऱ्यावर) वरच्या बाजूला जे नाव असतं ते पॅनच्या नोंदीतलं. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅनची स्थिती तपासण्याची सोय आहे, तिथे पूर्ण नाव आणि जन्मतारीख टाकून मोबाइलवरच्या ओटीपीने नोंद जुळते का ते कळतं. जे नाव जुळेल तेच, अक्षर न् अक्षर, अर्जात लिहा.

तुमच्याकडे मात्र दुसरी अडचण खरी आहे. ‘ज्ञ’ मराठीत आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’ म्हणतात, आणि नोंदणी करणाऱ्याने किंवा लिप्यंतराच्या सॉफ्टवेअरने जे घेतलं ते इंग्रजीत उमटतं. ‘क्ष’चं एक्स की के-एस-एच, ‘व’चं व्ही की डब्ल्यू, ही त्याच घरातली दुखणी. पॅन-आधार जोडणीत किरकोळ फरक ओटीपी घेऊन चालवून घेतला जातो, म्हणून जोडणी झाली. बँकेची नाव-तुलना गुणांवर चालते. शेवटचं एखादं अक्षर कमी असेल तर गुण थोडे घसरतात, सुरुवातीची दोन्ही अक्षरं वेगळी असतील तर बरेच.

क्रम असा ठेवा: आधी आधार, मग पॅन. कारण पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीने केली तर आधारवरचं नाव जसंच्या तसं पॅनमध्ये जातं. आधारवर चूक ठेवून पॅन दुरुस्त केलंत तर चूक दोन ठिकाणी होईल. आधारमध्ये नाव बदलण्याची संधी आयुष्यात दोनदाच मिळते आणि जन्मतारखेची एकदाच, तेव्हा स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी किंवा पासपोर्टशी ताडून, कागदावर लिहून मगच केंद्रात जा. नोंदणीनंतर हातात पडणाऱ्या पावतीवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही नावं छापलेली असतात. खुर्चीवरून उठायच्या आधी ती वाचा.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना हे सगळ्यात जास्त छळतं. आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँक खात्यात दोन्हींची सरमिसळ. त्यांनीही हाच क्रम धरावा, आणि त्यानंतर बँक खातं आणि सीकेवायसीची (बँकांच्या सामाईक ओळख-नोंदवहीतली) नोंदही बदलून घ्यावी. सीकेवायसीचा १४ अंकी क्रमांक एकदा तयार झाला की पुढच्या बँका जुनी नोंद तिथूनच उचलतात. नवा पत्ता आणि नवं नाव भरूनही मागचं येत राहतं ते त्यामुळे.

---

पानोपानी

मोडीवाचक यांच्याशी सहमत, एक भर. पॅनची नोंद बरोबर असेल आणि फक्त छापील नावात आद्याक्षर असेल, तर कार्ड नव्याने काढायची घाई नको. आधीच पॅन दुरुस्तीला टाकलं आणि मधल्या काळात अर्ज केला, तर एका पडताळणीत जुनं नाव आणि दुसरीत नवं येण्याची शक्यता असते. दुरुस्ती चालू असताना अर्ज नको.

---

हिशेबतपासनीस

उत्पन्नाचा नकार तुमच्या आकड्यातूनच आला असावा. अर्जात १४ लाख आणि कागदात ७ लाख. यंत्रणेच्या नजरेत ही फुगवलेली माहिती ठरते. तुमची तशी इच्छा नव्हती, पण तिला ते कळण्याचा मार्ग नाही.

जमा आणि उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘४४ एडीए’मध्ये जमेच्या निदान ५० टक्के रक्कम उत्पन्न धरतात. व्यापाऱ्यांसाठीच्या ‘४४ एडी’मध्ये ८ टक्के, आणि पैसे बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आले असतील तर ६ टक्के. म्हणजे वर्षाला ४० लाखांची डिजिटल उलाढाल असलेल्या दुकानदाराचं कागदावरचं उत्पन्न २ लाख ४० हजार असू शकतं. एवढा व्यवहार असूनही कार्ड का मिळत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

तुमच्या बाबतीत तिसराही आकडा आहे. जुन्या करप्रणालीत ८० सीची पूर्ण दीड लाखाची वजावट घेतली असेल, तर पोचपावतीवर ‘एकूण उत्पन्न’ ५ लाख ५० हजार दिसेल. वजावटीआधीचं ‘सकल एकूण उत्पन्न’ ७ लाख, ते पूर्ण विवरणपत्रात असतं. नुसती एक पानी पोचपावती जोडली तर तपासणारा साडेपाच लाख धरेल. म्हणून पोचपावती, पूर्ण आयटीआर-४ आणि उत्पन्नाची गणना, तिन्ही एकत्र द्या आणि रकान्यात ७ लाख लिहा. रकाना मासिक असेल तर भागिले १२, म्हणजे ५८,३३३. वरच्या आकड्याला पूर्ण करून ६० हजार लिहू नका.

पोचपावतीवर विवरणपत्र पडताळल्याचा उल्लेख आहे का तेही बघा. दाखल केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी झाली नसेल तर अडचण तिथेच आहे.

पगारदार वाचकांसाठी थोडं, कारण प्रश्न पुढे येणारच. अर्ज ‘निव्वळ मासिक’ विचारतो की ‘ढोबळ वार्षिक’, ते नीट वाचा. निम्मे गोंधळ त्या एका शब्दाचे असतात. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) कधीच लिहू नका, त्यात मालकाचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते आणि ती खात्यात येत नाही. प्रवासभत्ता, ओव्हरटाइम, प्रोत्साहनपर रक्कम यांतलं बरंचसं बँक वगळते किंवा काही महिन्यांची सरासरी घेते. पगारपत्रकावर कंपनीचं एक नाव आणि बँकेच्या नोंदीत पगार पाठवणाऱ्या दुसऱ्याच संस्थेचं नाव असेल, तर नेमणूकपत्र किंवा कंपनीचं तसं पत्र सोबत द्या. नव्या नोकरीत पहिल्या तिमाहीचा टीडीएस २६ एएसमध्ये लगेच दिसत नाही. एप्रिल ते जूनचं टीडीएस विवरणपत्र भरायची मुदत ३१ जुलैपर्यंत असते. तोवर ‘कापलेला कर दिसत नाही’ म्हणून अर्ज लटकू शकतो.

आता फाइलींचं, आणि हे मला फार कळकळीने सांगायचं आहे. बँकेचा खातेउतारा पीडीएफ जशी मिळाली तशीच द्या. पासवर्ड नको म्हणून ती ‘प्रिंट’ करून दुसरी पीडीएफ बनवली, पानं कमी केली, आकार घटवायला कुठल्याशा संकेतस्थळावर चढवली, की फाइलच्या पोटातली नोंद बदलते: कुठल्या सॉफ्टवेअरने, कधी बनवली. तपासणारी यंत्रणा ती नोंद पाहते आणि प्रामाणिक माणसाची फाइल ‘फेरफार’ म्हणून बाजूला काढते. पासवर्डसाठी अर्जात बहुधा वेगळा रकाना असतो, तिथे तो भरा. स्क्रीनशॉट आणि कागदाचे फोटो टाळा.

याहून सोपा मार्ग अकाउंट अ‍ॅग्रीगेटरचा. तुमच्या संमतीने खातेउतारा एका बँकेकडून दुसरीकडे थेट जातो, मधली संस्था तो वाचू शकत नाही. संमती देताना कालावधी आणि हेतू वाचा. काम झालं की ती मागे घेता येते. संयुक्त खातं मात्र तिथे अनेकदा दिसत नाही, तेव्हा व्यवसायाची जमा एकट्याच्या नावावरच्या खात्यात असलेली बरी.

---

कॅमेऱ्यासमोर

कॉल तुटण्याबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्हिडिओ केवायसीचं चित्रीकरण एकसलग हवं. मध्येच कॉल तुटला तर तुकडे जोडता येत नाहीत, नवं सत्र सुरू करावं लागतं. म्हणून ‘पुन्हा पहिल्यापासून’ हा त्या कर्मचाऱ्याचा आडमुठेपणा नव्हे. आधारची (ओटीपीने उतरवून घेतलेली) ऑफलाइन फाइल किंवा क्यूआरही ३ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जुना चालत नाही, त्यामुळे कॉल पुढे ढकलला की ओटीपीची पायरीही परत येते.

कॉलआधी व्हीपीएन बंद, ब्राउझरला लोकेशन, कॅमेरा आणि माइकची परवानगी चालू. तुम्ही भारतात आहात हे ठिकाणावरून तपासलं जातं, परदेशातून कॉल होत नाही. त्या वेळात फोनवर दुसरा कॉल आला तर कॅमेरा सुटतो, म्हणून शक्य असेल तर फोन वाय-फायवर ठेवून विमान मोडमध्ये टाका. ओटीपी त्याच नंबरवर येणार असेल तर हे करू नका, नुसतं ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा.

पॅनचा फोटो अडतो तो बहुधा चकाकीमुळे. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा. डोक्यावरच्या दिव्याखाली नको, खिडकीकडे तोंड करून बसा. कार्ड कडेला धरा, बोट क्रमांकावर किंवा जन्मतारखेवर येता कामा नये. मागचा कॅमेरा वापरायला देत असतील तर तोच वापरा, एक वीतभर अंतरावर धरा आणि अक्षरं स्पष्ट झाल्यावर दोन सेकंद हात स्थिर ठेवा. लॅमिनेशन पिवळं पडलं असेल किंवा छपाई पुसट असेल तर कितीही प्रयत्न केले तरी अक्षरं वाचली जात नाहीत. नवं कार्ड मागवा, किंवा ई-पॅन चालेल का ते आधी विचारा. नियमात ई-पॅन मान्य आहे.

एक गोष्ट नेहमी राहते. लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटोच नसतो, त्यामुळे चेहरा जुळवायला काही नसतं. अठरा पूर्ण झाल्यावर फोटो आणि सहीसह ते अद्ययावत करून घ्यायचं असतं.

---

टाचणवही

पॅनची नोंद तपासली. मधलं नाव तिथे पूर्णच आहे, आद्याक्षर फक्त छापील. म्हणजे उरला तो ‘ज्ञ’. तिसऱ्या बँकेचं काय?

---

हिशेबतपासनीस

थांबा. प्रत्येक अर्जाबरोबर सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडे चौकशीची नोंद पडते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. थोड्या दिवसांत तीन-चार नोंदी म्हणजे पैशांची निकड, असा अर्थ लावला जातो. आधार दुरुस्त होऊन हातात येईपर्यंत नवा अर्ज नको.

तेवढ्या वेळात दोन कामं करा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. पतगुणांपेक्षा त्यातलं पहिलं पान वाचा: नावाची रूपं, जन्मतारीख, पॅन, जुने पत्ते. तुमचं नसलेलं कर्ज किंवा फेडूनही ‘बाकी’ दिसणारं खातं असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

दुसरं, दोन्ही बँकांना ईमेलने नकाराचं कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार अर्ज का नाकारला ते लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ एवढ्यावर फोन ठेवू नका. अर्ज क्रमांक लिहा, निर्देशाचा उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. लोकपाल कार्ड द्यायला लावणार नाही, तो निर्णय बँकेचाच. कारण न कळवण्याची तक्रार मात्र घेता येते.

कार्ड लवकर हवंच असेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड पाहा. ठेव तारण असल्याने उत्पन्नाचे कागद बहुधा मागत नाहीत. नावाची पडताळणी मात्र तिथेही चुकत नाही.

---

मोडीवाचक

आधार केंद्रात जाण्याआधी एक कराच: बँक खात्यात तुमचं स्पेलिंग काय आहे ते पासबुकात पाहा. तिथेही ‘डी-एन’ असेल तर पॅनला हात लावायची गरज नाही. फक्त आधार बदला आणि एक संधी राखून ठेवा.