गच्चीवरचा लाल पाइप आणि बी-विंगचे पुल-अप्स

रविवार

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना विनंती. गच्चीवरच्या लाल पाइपला कोणीतरी लोंबकळतंय, त्याचा एक क्लॅम्प हलला आहे. ती फायर लाइन आहे, झोपाळा नाही. पोरांना समजवा.

बी-४०३ वहिनी: पोरं नाहीत हो, मीच ती. माफ करा, क्लॅम्पचा खर्च माझ्याकडून घ्या. मोबाइलवर बघून घरी व्यायाम करते. स्क्वॉट्स जमतात, प्लँक जमतो, आणि मग ती व्हिडिओतली मुलगी हसत हसत म्हणते, आता आठ पुल-अप्स, म्हणजे बारला लटकून हनुवटी वर न्यायची. मला एकही येत नाही. लोंबकळते, पाय झाडते, पडते.

बी-२०४: वहिनी, माझं ८६ किलो. मी तर लोंबकळायलाही घाबरतो. ती ओळ आली की पाणी प्यायला जातो.

ए-७०२: वगळा सरळ. त्याऐवजी आणखी दहा जोर मारा.

सी-३०२ सुभेदार काका: जोर त्याच्याऐवजी चालत नाहीत. जोर मारताना ढकलायचं असतं, पुल-अपमध्ये ओढायचं असतं. छाती-खांदे रोज पुढे ढकलतायत आणि पाठ झोपलीय, म्हणून निम्मी सोसायटी पोक काढून चालते. दिवसभर लॅपटॉप, त्यावर नुसते जोर. पाठीला काम द्या.

बी-४०३ वहिनी: द्यायचंय हो काका, पण पहिला एकच निघत नाही.

सी-३०२ सुभेदार काका: मग पहिल्यापासून सुरू नका करू. शेवटापासून करा. थांबा, लिहितो, जेवण होऊ द्या.

सी-३०२ सुभेदार काका: आमच्या फौजेत पुल-अपला बीम म्हणतात. भाच्याच्या भरतीच्या रॅलीत १० बीमला ४० गुण होते, ६ ला १६, आणि ६ च्या खाली नापास. गावाकडून आलेली धडधाकट पोरं, १६०० मीटर धावून आलेली, दोनवर अडकायची. हे चारचौघींना जमत नाही ते बायका म्हणून नाही. आपलं अख्खं वजन पहिल्याच दिवशी उचलायचं म्हटलं तर कोणालाही जड जातं. वजन कमी करून उचला. ३० किलोचं पोतं उचलवत नाही तर आपण दोन खेपा करतो की नाही?

वर चढणं कठीण, उतरणं सोपं. स्नायू आखडताना जेवढं ओझं पेलतो त्यापेक्षा लांबताना जास्त पेलतो. म्हणून स्टुलावर चढा, हनुवटी बारच्या वर आणा, पाय उचला आणि उतरा. उतरा म्हणतोय, पडा नाही. पाचपर्यंत मोजत. पाठ तिथेच तयार होते. चार-पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं दम. एक दिवसाआड. रोज नाही.

बी-२०४: काका, स्टूल प्लास्टिकचा चालेल?

सी-३०२ सुभेदार काका: ८६ किलोला? लोखंडी घ्या.

सी-५०४ काकू: आमच्या शाळेत दोरीचा मल्लखांब होता. दोरी पायाच्या अंगठ्यात धरायची, मग हातावर भार कमी येतो. सगळं वजन हातांनी का पेलावं, पाय कशाला दिलेत? आता ६३ पूर्ण, दोरी नको, पण ही स्टुलाची कल्पना तीच आहे.

सी-३०२ सुभेदार काका: अगदी बरोबर काकू. एक पाय स्टुलावर टेकलेला ठेवा, जेवढी गरज तेवढाच दाब द्या. आज पायाने अर्धं काम केलं, पुढच्या महिन्यात पाव.

ए-७०२: त्यापेक्षा रबर बँड बांधा की. जिममध्ये तेच करतात.

सी-३०२ सुभेदार काका: वाईट नाही. पण बँड तळाशी जास्त ताणलेला, म्हणून तिथे उचलून देतो. वर पोचलात की सैल पडतो, तिथे मदत संपते. बरेच जण त्या वरच्या वीतभरावरच अडकून बसतात. उतरण्याची सवय केली तर तो वीतभरही मजबूत होतो. आणि बँडला चीर दिसली की फेकून द्या, तोंडावर सुटतो.

ए-६०२ (फिजिओ ताई): काकांना दुजोरा, पण दोन गोष्टी. उतरण्याच्या व्यायामाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं, उत्साहात पहिल्याच दिवशी वीस करू नका. दंड सुजून हात सरळ होत नसेल किंवा लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर वाट न बघता डॉक्टर. दुसरं, मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त. हात डोक्यावर नेतानाच कळ येत असेल तर बारला हात लावू नका, आधी दाखवा. आणि श्वास कोंडून धरायचा नाही, बीपीवाल्यांनी तर मुळीच.

बी-२०४: माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतं, ते?

ए-६०२ (फिजिओ ताई): मूठ जास्त आवळली आणि एकदम जास्त केलं की होतं. थोडे दिवस आडवी ओढ करा, तळवे एकमेकांसमोर ठेवून.

बी-४०३ वहिनी: आडवी म्हणजे?

ए-६०२ (फिजिओ ताई): कमरेएवढ्या बारखाली उताणं व्हायचं, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ, छाती बारला लावायची. अंग जेवढं उभं तेवढं सोपं, जेवढं आडवं तेवढं कठीण. घरी बार नसेल तर जाड सुती चादरीच्या टोकाला मोठी गाठ मारा, गाठ दाराच्या पलीकडे वरून टाका, दार बंद करा, चादर धरून मागे रेला.

ए-७०२: आणि दार उघडलं म्हणजे?

सी-३०२ सुभेदार काका: दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघायचं. ओढल्यावर ते चौकटीत आणखी घट्ट बसलं पाहिजे. आपल्याकडे उघडणारं असेल तर पलीकडच्या खोलीत जा. कडी लावा. आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी पलीकडून दार उघडेल.

सी-५०४ काकू: डायनिंग टेबलाखाली झोपूनही करतात म्हणे.

बी-२०४: आमचं काचेचं आहे.

सी-५०४ काकू: मग नको रे बाबा.

बी-४०३ वहिनी: दारात अडकवायचा बार मागवू का? बाराशेला दिसतोय.

सी-३०२ सुभेदार काका: चौकटीवर टेकून बसणारा आकडा असेल तर त्याला वर पट्टी लागते. आपल्या बिल्डिंगच्या चौकटी भिंतीला सपाट आहेत, तो बसणारच नाही. फिरवून घट्ट करायचा असेल तर तो रंगावरून घसरतो. दुसऱ्या मजल्यावर एकाचं मनगट गेलंय, नाव घेत नाही. आणि तळमजल्याच्या जुन्या चौकटींना वाळवी आहे. छताखालच्या काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर, म्हणजे आत घट्ट बसणारे बोल्ट, मारून पक्का केलेला बारच खरा.

सेक्रेटरी (ए-१०१): बाहेरच्या भिंती आणि कॉमन बीममध्ये ड्रिल मारायला कमिटीची परवानगी लागते, आधीच सांगून ठेवतो.

बी-४०३ वहिनी: मग कमिटीनेच बसवावा. बागेत झोपाळ्याच्या मागे जागा आहे.

ए-७०२: मेंटेनन्समधून? मला नको. महापालिकेच्या बागेत ओपन जिम आहे, तिथे जा.

बी-२०४: तिथली ओढायची खुर्ची आपल्यालाच उचलते, वजन कमी-जास्त करता येत नाही. आणि सकाळी तिथे रांग असते.

सी-३०२ सुभेदार काका: मेंटेनन्स नको, इच्छुकांनी वर्गणी काढू. फॅब्रिकेटर माझ्या ओळखीचा. दोन उंचीचे करा, एक हात वर करून धरता येईल असा, दुसरा कमरेएवढा. उंच एकटाच केलात तर माझ्यासारखे चार जण येतील आणि बाकीचे बघत बसतील. खालचा बारच जास्त वापरला जाईल, लिहून ठेवा. पाइप एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) घ्या, बाहेरून ३३ मिमीच्या आसपास भरतो, मुठीत बसतो. फॅब्रिकेटर दीड इंची सुचवेल, मजबूत म्हणून. तो ४८ मिमी होतो, बायका-मुलांच्या मुठीत मावत नाही.

सेक्रेटरी (ए-१०१): खांबांखाली काँक्रीट आणि वरून रंग धरून कोटेशन मागवा. मुलांसाठी खाली वाळू.

ए-७०२: वर्गणी असेल तर हरकत नाही.

बुधवार

बी-४०३ वहिनी: परवा दारावरच्या चादरीने दहा केले. आज केस विंचरता येत नाहीत.

ए-६०२ (फिजिओ ताई): उद्या कमी होईल. चालत राहा, चादर दोन दिवस कपाटात.

बी-२०४: मी पायऱ्यांखालच्या आडव्या पाइपला लोंबकळलो, खांदे कानाजवळून खाली खेचून. दहा सेकंद.

सेक्रेटरी (ए-१०१): कुठला पाइप???

बी-२०४: रेलिंगचा, रेलिंगचा.

सी-३०२ सुभेदार काका: खांदे खाली खेचून धरलेस ते छान. नुसतं लटकण्यात अर्थ नाही, तिथून खरी सुरुवात होते. आणि तळवे स्वतःकडे करून बघ, दंडाची मदत मिळते. बहुतेकांचा पहिला तसाच निघतो.

पाच आठवड्यांनी

सेक्रेटरी (ए-१०१): बार बसला. सिमेंट ओलं आहे, शनिवारपर्यंत हात लावू नये. लाल पाइपचा क्लॅम्पही बदलला.

सोमवार

सी-५०४ काकू: खालच्या बारला सकाळी आम्ही चौघी होतो. नात वरच्याला माकडासारखी. तिला कोणी शिकवलंही नाही.

सी-३०२ सुभेदार काका: तिचं वजन २२ किलो. तिच्यापुढे आपण सगळे नापास.

बी-४०३ वहिनी: काका, आज वरून खाली यायला मला नऊ सेकंद लागले.

सी-३०२ सुभेदार काका: लागले की लावले?

बी-४०३ वहिनी: लावले.