७ फुटी तयार पडदे खिडकीला बसवायचे आहेत, मदत हवी आहे

नणंदेने घर बदलताना तिचे दाराचे चार पडदे मला दिले. जाड सुती कापड, गडद मोरपंखी रंग, आणि खाली वीतभर कशिद्याचा काठ. इतके सुरेख आहेत की हॉलच्या खिडकीलाच लावायचे ठरवलंय. पण ते ७ फुटी आहेत आणि मला रॉडपासून मोजून जेमतेम ५ फूट हवेत, कारण खिडकीखाली सोफा आहे.

अडचण अशी की खालून कापले तर काठच जातो. वरून कापले तर स्टीलच्या रिंगा जातात, त्यांच्यामागची कडक कॅनव्हास पट्टीही जाते. शिंप्याकडे विचारलं तर तो म्हणाला, "ताई, खालून कापून देतो, वरचं काम आम्ही करत नाही." काठ उसवून वर जोडायचा म्हटलं तर कशिदा थेट पडद्याच्याच कापडावर आहे.

मला वाटतं वरून कापून रॉड ओवायला नेफा शिवावा, नाहीतर चुण्यांची तयार टेप लावून हुक अडकवावेत. नेफ्याचा पडदा रॉडवर नीट सरकत नाही, आणि आमच्याकडे तो रोज सकाळी उघडायचा असतो, म्हणून मन टेपकडे झुकतंय. कापड आटू नये म्हणून कापण्याआधी एकदा धुऊन घेणार आहे.

घरच्या साध्या उषा मशीनवर एवढे थर शिवले जातील का? १८ नंबरची सुई पुरेल? जुन्या रिंगा न मोडता काढून पुन्हा बसवता येतात का? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.