मदत हवी आहे: छळाच्या तक्रारीला लेखी उत्तर कसं द्यायचं?

ग्रुप प्रोजेक्टमधल्या एकाने माझ्यावर त्रास दिल्याची, मुद्दाम वेगळं पाडल्याची तक्रार केलीये आणि समितीने पुढच्या आठवड्यापर्यंत लेखी उत्तर मागितलंय, पण मेलमध्ये ना तारखा ना नेमका प्रसंग, मग नेमकं कोणत्या आरोपाला उत्तर देऊ? चॅट, मेल सगळं सेव्ह केलंय, काहीही डिलीट केलं नाही, विद्यापीठाची नियमावली वाचली, त्यात तक्रारीची प्रत मिळण्याबद्दल स्पष्ट काहीच नाही. त्याच्याशी थेट किंवा मित्रांमार्फत बोलणार नाहीये, ते दबाव टाकल्यासारखं दिसेल, आणि त्याला खरंच त्रास झाला असेल तर त्याला खोटारडा ठरवायचं नाहीये मला. वकील सध्या परवडणार नाही. प्रत मिळेपर्यंत मुदतवाढ मागावी की आरोप नाकारणारं थोडक्यात उत्तर आधी देऊन टाकावं? आणि चॅट पूर्ण जोडायचं की फक्त संबंधित भाग, कारण त्यात इतरांचेही खाजगी मेसेज आहेत?